दार्या वार्फोलोमेयेव घर सोडून गेली म्हणूनच जिंकली का?

खारी-टोस्ट

नमस्कार मंडळी. खेळांच्या विभागात पहिल्यांदाच धागा काढतेय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

लेक साडेदहा वर्षांची आहे. तीन वर्षं झाली, ठाण्यात रिदमिक जिम्नॅस्टिक्स (संगीतावर बॉल, रिबन वगैरे घेऊन करतात ते) शिकते. पॅरिस ऑलिंपिकची फायनल तिने माझ्या मोबाइलवर इतक्यांदा बघितलीय की तिथे सुवर्ण जिंकलेल्या जर्मन दार्याचं बॉलचं रूटीन आता मलाही तोंडपाठ आहे. परवा क्लासबाहेरच्या बाकावर (पालकांचा बाक म्हणजे काय ते बसलेल्यांनाच कळेल) एका बाबांनी ठासून सांगितलं, "ती मूळची रशियाची. बारा वर्षांची असताना जर्मनीला गेली म्हणून झाली. इथे राहून काही होत नसतं." हे नवऱ्याच्या डोक्यात जे घुसलंय ते निघायला तयार नाही. रोज जेवताना बल्गेरियातल्या कुठल्या कुठल्या कॅम्पचे दर वाचून दाखवतो. घराचा हप्ता अजून अकरा वर्षं आहे.

कोच मॅडमचं वेगळंच. त्या म्हणतात मनगट सैल आहे, रिबनला सारख्या गाठी पडतात, साडेसात वर्षांची असताना सुरू केलं म्हणजे मुळात उशीरच झाला. घरी सराव करावा तर महिन्यापूर्वी रिबन हॉलच्या पंख्यात गेली. मी बटणापर्यंत पोचेपर्यंत रिबनची काडी तिच्या हातातून निसटून ट्यूबलाइटवर. नशीब, लेकीच्या डोक्यात नाही.

तर दार्याचं खरं काय आहे? खरंच गाव सोडल्यामुळे झाली का? आणि ते गुण कसे देतात तेही कुणी सोप्या भाषेत सांगा. ३६ आणि ३३ बघून मी नुसती मान डोलावते.

मोडी

शीर्षक वाचून वाटलं कुणाच्या तरी मुलीने पळून जाऊन लग्न केलं. वाचतोय.

नेकारकाठची

खारी-टोस्ट, हा धागा माझ्यासाठीच काढलात की काय! मी दादरला सात वर्षं रिदमिक केलं, राज्य पातळीपर्यंत खेळले. आमच्या वेळी मोठ्यांनाही दोरी असायची. आता वैयक्तिक प्रकारात सीनियर मुलींना हूप (रिंगण), बॉल, क्लब्ज (छोट्या मुद्गलांची जोडी) आणि रिबन एवढीच चार साहित्यं. गेली अकरा वर्षं मी स्टुटगार्टच्या बाजूला वाइब्लिंगेनला राहते, फिजिओथेरपिस्ट आहे. दार्या जिथे घडली ते फेलबाख-श्मिडेन आमच्या शेजारचंच गाव. द्राक्षमळ्यांचं गाव, टेकडीवर चढलं की खाली नेकारचं खोरं दिसतं. तिथे जर्मन जिम्नॅस्टिक्स संघटनेचं रिदमिकचं राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र आहे, हे मला इथे येऊन तीन वर्षं होईपर्यंत माहीत नव्हतं. बघा म्हणजे.

आता त्या बाकावरच्या बाबांकडे वळू. त्यांनी सांगितलं ते खोटं नाही, अर्धं आहे. अर्धं जास्त त्रास देतं.

दार्याचा जन्म २००६ चा, गाव बर्नाउल. सैबेरियात, अल्ताई प्रांतात. त्या भागात जर्मन वंशाची कुटुंबं कित्येक पिढ्यांपासून आहेत, तिचे आजोबाही जर्मन. म्हणजे जर्मनी हे तिला नकाशात बोट ठेवून निवडावं लागलं नाही, घरातच एक धागा होता. तिची आई स्वतः रिदमिकची खेळाडू. मुलगी तीन-चार वर्षांची असल्यापासून आईने हातात साहित्य दिलं. बाराव्या वर्षी ती श्मिडेनला आली, आईवडिलांना मागे ठेवून, भाषा येत नसताना. पण आली तेव्हा आठ-नऊ वर्षांचा पाया तिच्या अंगात मुरलेला होता. बाबा म्हणतात "जाऊन झाली". मी म्हणेन बरीचशी होऊन गेली आणि जिथे गेली तिथे तिचं काय करायचं हे जाणणारी बाई बसलेली होती.

ती बाई म्हणजे यूलिया रास्किना. हे नाव तुमच्या लेकीला सांगा. बेलारूसची. २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये रास्किनाचं रौप्य होतं. सुवर्ण रशियाच्या यूलिया बार्सुकोव्हाचं ३९.६३२ ला, रास्किना ३९.५४८. फरक ०.०८४. त्याच स्पर्धेत सगळ्यांची लाडकी अलिना काबाएवा हिचा हूप निसटून गालिच्याबाहेर गेला आणि ती तिसरी आली. म्हणजे दार खुलं होतं, आणि रास्किना ०.०८४ ने उंबरठ्यावर राहिली. अशी बाई चोवीस वर्षांनी आपल्या विद्यार्थिनीच्या शेजारी बसून गुणफलकाकडे बघत असते तेव्हा तिच्या पोटात काय होत असेल? पॅरिसच्या दिवशी मी दार्याकडे कमी आणि त्या बाकाकडे जास्त बघत होते.

पुढचं भरभर सांगते. २०२२ ला सीनियर झाली आणि त्याच वर्षी सोफियाच्या जागतिक स्पर्धेत क्लब्जचं सुवर्ण, एकंदरीत (म्हणजे चारही साहित्यांची बेरीज धरून) रौप्य. तेव्हा सोळाही पूर्ण नव्हती. २०२३ ला वालेन्सियात तर कहरच केला: चारही साहित्यांत सुवर्ण आणि एकंदरीतही, पाचच्या पाच. जर्मनीला रिदमिकचं एकंदरीत जगज्जेतेपद त्याआधी १९७५ ला मिळालं होतं, कार्मेन रिशरमुळे. मग ९ ऑगस्ट २०२४, पॅरिस. रिदमिकमधलं जर्मनीचं पहिलंवहिलं ऑलिंपिक सुवर्ण, वय १७. त्या वर्षी इथल्या क्रीडा पत्रकारांनी तिला वर्षाची सर्वोत्तम महिला खेळाडू निवडलं. २०२५ ला रिओत पुन्हा जगज्जेती. २०२६ ची जागतिक स्पर्धा इथेच, फ्रँकफुर्टला. तिकिटासाठी मी नवऱ्याला आधीच सांगून ठेवलंय, दिवाळीला भारतात नाही गेलो तरी चालेल, फ्रँकफुर्टला जायचं.

गुणांचं आता. रूटीन सव्वा ते दीड मिनिटाचं, गालिचा १३ मीटर बाय १३ मीटर. तीन वेगवेगळे हिशेब होतात: काठिण्य, कलात्मकता, आणि सफाई. कलात्मकता आणि सफाई दहा-दहातून खाली येतात, चुकलं की कापतात. काठिण्याचं मात्र जितकं अवघड करून दाखवाल तितकं वर चढतं, म्हणून एकूण आकडा तीस-पस्तीसच्या घरात जातो. साहित्य पडलं आणि जागच्या जागी उचललं तर ०.५ गेले, एकदोन पावलं टाकावी लागली तर ०.७, तीन किंवा जास्त पावलं धावावं लागलं तर पूर्ण १. शिवाय ज्या घटकात पडलं त्याचे मिळायचे गुण गेले ते वेगळेच.

पॅरिसच्या फायनलला दार्याचे आकडे असे: हूप ३६.३००, बॉल ३६.५००, क्लब्ज ३६.३५०, रिबन ३३.७००. बेरीज १४२.८५०. बल्गेरियाची बोर्याना कालेयन १४०.६००, इटलीची सोफिया राफाएली १३६.३००. आदल्या दिवशीच्या पात्रता फेरीत राफाएली पहिली होती, दार्या मागे. एका रात्रीत पारडं फिरलं. आणि चौथी कोण माहितीये? तीही जर्मन, मार्गारिता कोलोसोव. तिच्याबद्दल कुणी काढत नाही धागा. चौथ्या नंबरला कोण विचारतो म्हणा.

तुमच्या लेकीला बॉलचं रूटीन पाठ आहे ना, मग तिला पुढच्या वेळी फक्त दार्याचा तळवा बघायला सांगा. पाय वर गेले की सगळे आ वासतात, पण पाय या पातळीवर सगळ्यांचेच कानाला लागतात. बॉल हातात घेताना बोटं आवळायची नाहीत, हा नियम आहे. चारशे ग्रॅमचा रबरी गोळा वरून येतो आणि तळव्यात असा विसावतो, जसं अळवाच्या पानावर पाणी. आवाज येत नाही. माझ्या आयुष्यात मी तो आवाज कधी घालवू शकले नाही. माझा बॉल नेहमी थप्प करायचा आणि पंचांच्या टेबलावरच्या एक बाई डोळे मिटायच्या.

शंकासुर

ताई, लिहिलंय झकास, पण मुद्द्याचं गाळलंत. पॅरिसला रशिया कुठे होता? मार्च २०२२ पासून रशिया आणि बेलारूसच्या मुलींना बाहेर ठेवलं, आणि दार्याचा उदय २०२२ चाच! २००० ते २०१६ पाच ऑलिंपिक सुवर्णं ओळीने रशियाची. वाघ पिंजऱ्यात ठेवून जंगलात राजा निवडण्यातली गत.

मोडी

शंकासुर आले. आता धागा शंभरी गाठणार.

नेकारकाठची

शंकासुर, गाळलं नव्हतं, दुसऱ्या पेल्यातल्या चहासाठी ठेवलं होतं. आणि तुमच्या हातात मीच आणखी एक काठी देते.

१९७५ ला माद्रिदला कार्मेन रिशर जिंकली, तेव्हा पूर्व युरोपातले तगडे देश गैरहजर होते. १९८४ ला लॉस एंजेलिसला रिदमिक पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये आलं, पश्चिम जर्मनीच्या रेगिना वेबरला कांस्य मिळालं, तेव्हा सोव्हिएत आणि बल्गेरियन मुली बहिष्कारामुळे नव्हत्या. सुवर्ण नेलं कॅनडाच्या लोरी फंगने, कुणाच्या ध्यानीमनी नसताना. आणि मग थेट दार्याचं २०२३ आणि २०२४. म्हणजे जर्मनीची ही मोठी यशं पूर्वेकडच्या खुर्च्या रिकाम्या असतानाची. इथल्या लोकांना हे आवडत नाही, पण पंगतीत कोण नव्हतं हे जेवणाऱ्याने विसरू नये.

तरी तुमचा वाघ-पिंजरा मला पटत नाही. एक तर टोकियोला रशियाच्या मुली समोर होत्या आणि तरी इस्रायलच्या लिनॉय अश्रामने दिना अवेरिनाला मागे टाकलं. तुमची ती माळ तिथे तुटली, बंदीच्या आधी. दुसरं, पॅरिसला दार्याने हरवली ती राफाएली २०२२ ची जगज्जेती. बल्गेरियाला तर या खेळात कुणी लिंबूटिंबू म्हणणार नाही. त्यांची स्तिलियाना निकोलोवा, युरोपची विजेती, पात्रता फेरीतच गळाली, यावरून ओळखा तिथे काय चाललं होतं. दोन नंबरशी फरक २.२५० गुणांचा. ढोबळ हिशेबाने क्लब एकदा गालिच्याच्या कडेपर्यंत घरंगळला असता तरी ती तगली असती.

आणि तिसरं मला खरं म्हणायचंय ते. रशिया नव्हता असं म्हणताना कुठला रशिया? झेंडा नव्हता, गाणं नव्हतं. पण मुलगी बर्नाउलची, पाया आईने तिथे घातलेला, कोच मिन्स्ककडच्या शाळेतली. ती सगळी विद्या त्या हॉलमध्ये होतीच, फक्त पाठीवर दुसऱ्या देशाचं नाव होतं. समोरासमोर काय झालं असतं हे मी सांगू शकत नाही, तुम्हीही नाही. पण "तिला फुकट मिळालं" म्हणाल तर मी भांडेन.

शंकासुर

१९७५ चं माहीत नव्हतं. काठीबद्दल आभार. २.२५० वर सध्या गप्प बसतो. सध्या.

खारी-टोस्ट

नेकारकाठची ताई, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवला. "बरीचशी होऊन गेली" याला तो दोन मिनिटं गप्प होता, मग म्हणाला, "म्हणजे आपण आत्तापासून घरी सुरू करायला हवं होतं." पुरुषांना काय सांगायचं! पण कॅम्पचं पान बंद केलं.

तळवा बघायला सांगितलं. लेक तासभर कणकेचा गोळा उडवत बसली. एकदा आमटीत पडला.

आणखी एक विचारू का? इथे विचारावं की नाही कळत नाही. क्लासमध्ये दर शनिवारी वजन करतात आणि वहीत लिहितात. आकडा सगळ्यांसमोर मोठ्याने वाचतात. गेल्या आठवड्यापासून ही रात्री भात नको म्हणते. दार्यासारख्या मुलींना असंच करत असतील म्हणून मी बोलत नाही. पाठही दुखते म्हणते अधूनमधून.

नेकारकाठची

दार्याच्या ताटात काय असतं ते मला ठाऊक नाही आणि ते तुमच्या लेकीच्या कामाचंही नाही. हे जे तुम्ही लिहिलंय त्याबद्दल मात्र मला भरपूर ठाऊक आहे.

मी तेरा वर्षांची असताना आमच्याकडे हेच होतं. वजनकाटा खोलीच्या मधोमध, लाल रंगाचा, त्याची काच तडकलेली. कुणाचं नाव घेत नाही, ती माणसं आता वयस्कर आहेत. मला "रात्रीचं बंद कर" असं सांगितलं गेलं. मी आईला सांगायचे क्लासमध्ये खाल्लं, आणि साखर न घालता चहा पिऊन झोपायचे. चौदाव्या वर्षी पायाच्या हाडाला बारीक चीर गेली. उडी मारताना नाही, रस्ता ओलांडताना. त्या पायाने माझं रिदमिक संपवलं. पाळी सुरू व्हायला सोळा उजाडलं. त्या वेळी कुणाला त्यात काही गैर वाटलं नाही, उलट "बरंय, हलकी राहील" म्हणाले.

वाढत्या वयाच्या मुलीला पोटभर भात मिळालाच पाहिजे. खाणं कमी आणि सराव जास्त झाला की आधी हाडं बोलतात. उद्या मॅडमशी एकट्याने बोला, सगळ्यांसमोर नको. नीट सांगा, वजन करायचं तर आम्हाला पालकांना सांगा, मुलीच्या कानावर आकडा नको. ऐकलं तर ठीक. नाही ऐकलं तर ठाण्यात दुसरे क्लास आहेत, बल्गेरियापेक्षा जवळ आहेत.

पाठीचं टाळू नका. रिदमिकमध्ये कंबर मागे वाकवण्याचा मारा फार असतो, आणि वाढीच्या वयात कमरेच्या मणक्याच्या मागच्या कमानीला त्याने बारीक भेग पडू शकते. एका पायावर उभं राहून मागे वाकली की एकाच बाजूला दुखतं का बघा. तसं असेल, किंवा दोन आठवडे झाले तरी जात नसेल, तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा आणि तोपर्यंत मागे वाकणं बंद. तेलमालीश करून वाट बघू नका. माझ्या आजीने माझ्या पायाला महिनाभर तेल लावलं होतं.

संध्याछाया

पहिल्यांदाच लिहितेय. खारी-टोस्ट, "इथे राहून काही होत नाही" म्हणणाऱ्यांना विचारा, ठाण्याच्याच संयुक्ता काळेने पंचकुलाच्या खेलो इंडियात एकाच स्पर्धेत ५ सुवर्णं घेतली ती कुठे राहून? रिदमिकमध्ये भारताची मुलगी अजून ऑलिंपिकला गेलेली नाही हे खरं, पण महाराष्ट्राच्या मुली देशात वर्षानुवर्षं वरचढ आहेत. आमची भाची खेळते. तिच्या हॉलमध्ये रिबन सुरू झाली की पंखे बंद करतात, आणि मे महिन्यात पालक घामाने निथळत बसतात. ती वेळ आली की मी बाहेर जाऊन उसाचा रस पिते, प्रामाणिकपणे सांगते.

मोडी

मला एक सांगा, रिबनला कमी गुण का? दार्यालाही बाकी तिन्हीत ३६, आणि तिथे ३३.

नेकारकाठची

कारण रिबन हट्टी आहे, मोडी. बॉल टाकला की कुठे येणार ते ठरलेलं. सहा मीटरची सॅटिनची पट्टी टाकली की काडी एकीकडे येते आणि पट्टी मागून स्वतःच्या मनाने येते. एसीचा झोत आला तरी ती वळते. पूर्ण वेळ हलती ठेवावी लागते, थांबली की टोक जमिनीला लागलं, गुण गेले. हात रिबनमध्येच गुंतलेला, मग बाकी अवघड गोष्टी त्याच दीड मिनिटात कमीच मावतात. त्यामुळे जवळजवळ सगळ्यांचाच रिबनचा आकडा खाली असतो. पॅरिसच्या फायनलला रिबन शेवटी होती. तीन साहित्यांची कमाई पदरात घेऊन त्या हट्टी पट्टीसमोर उभं राहायचं. मी सोफ्याची उशी चावत होते, अतिशयोक्ती नाही, अजून दातांची खूण आहे.

अगं खारी-टोस्ट, यावरून आठवलं. गाठी नक्की कधीपासून पडायला लागल्या? पंख्यात गेली त्याच्या आधी की नंतर?

खारी-टोस्ट

थांबा, विचारते.

नंतर! ती म्हणते आधी क्वचित पडायच्या, पंख्यानंतर रोज. का हो?

नेकारकाठची

काडीच्या टोकाला रिबन जिथे अडकवतात तिथे एक छोटी फिरती कडी असते, मासे पकडायच्या गळाला असते तशी. ती मोकळी फिरली तरच रिबनचा पीळ सुटतो. ती अडकली तर जगातलं कुठलंही मनगट आणा, गाठ पडणारच. रिबन काढा, कडी दोन बोटांत धरून फिरवून बघा. आणि हो, साडेदहाच्या मुलीला सहा मीटरची रिबन दिली नाही ना? ती सीनियरची लांबी. ज्युनियर मुलींनाही पाच मीटरची चालते, हिला त्याहून आखूड हवी.

खारी-टोस्ट

ताई!! कडी फिरतच नाहीये. एका बाजूने चेपलीय, त्यात पंख्याच्या पात्याचा पिवळा रंगही लागलाय. नवऱ्याने पक्कड घेतली होती, मी हातातून काढून घेतली, नवीन मागवतेय. रिबन मोजली, पावणेसहा मीटर निघाली! दुकानदाराने "मोठी घ्या, वाढत्या अंगाची" म्हणून दिली होती, जसा काही शाळेचा युनिफॉर्म.

मॅडमशी उद्या साडेपाचला बोलणार आहे. आज रात्री भात खाल्ला, दोनदा घेतला. पाठीसाठी शनिवारची वेळ मिळालीय.